अकानीसीची चोरी

लेवुका बंदरातल्या मासे डबाबंद करायच्या कारखान्यात फरशी घासणं हे अकानीसीचं काम. शिजलेल्या टूनाचं तेल सांडलं की ती साबणाचं गरम पाणी ओतते, खराट्यानं खसाखसा घासते आणि फरशी कोरडी करते. तोंड मात्र खराट्याहून जास्त चालतं. "ए, पळतेस कुठे? मासा मेलाय, तो कुठे जात नाही!" असं ती ओरडली की पोरी सावकाश चालतात. मुकादम सेमेसानं भिंतीवर लावलेल्या सूचना आमच्यापैकी कुणी वाचल्या असतील तर शपथ.

एकटी तोरिकाबाई कुणाला बधत नव्हती. मासा साफ करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, त्यात सरदाराच्या घरची. गमबूट सोडून झिजलेल्या स्लिपरा घालून यायची. दोनदा घसरली, दोन्ही वेळा टेबल धरलं म्हणून वाचली. आता पडली तर या वयात कंबर मोडणार, हे सगळ्यांना दिसत होतं. पण अशा बाईला पायांत काय घालायचं हे सांगणार कोण? सेमेसासुद्धा तिच्यापुढून वाकून जायचा.

बोलू शकत होती फक्त अकानीसी. दोघींच्या गावांचं पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं. त्यात काहीही बोलावं, एकमेकांची वस्तू न विचारता उचलावी, समोरच्यानं रागवायचं नाही.

"काय गं म्हातारे, तुझ्या गावात बूट मिळत नाहीत?"

"मिळतात की. पण तुझ्या गावचे भुक्कड ते उकडून खातात!"

सगळे हसले आणि म्हातारी स्लिपरांतच राहिली.

मग एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हातारीनं स्लिपरा काढल्या, तेव्हा अकानीसीला तिचे पाय नीट दिसले. सुजून टम्म. बायकांच्या मापाचा बूट त्यांवर चढणंच शक्य नव्हतं, आणि पुरुषांचा मागायचा तर सरदाराच्या घरची बाई तोंड उघडणार कशी?

दुसऱ्या दिवशी तोरिकाबाई नळावर पाय धूत असताना स्लिपरा गायब झाल्या. त्या माशांच्या आतड्यांच्या पिंपात गेल्या होत्या. जागेवर पुरुषी मापाचे गमबूट.

"चोरटी मेली!" म्हातारी गरजली. पण अनवाणी कोण फिरणार? घातले.

दुपारी भट्टीपाशी तेलाचा ट्रे सांडला आणि तोरिकाबाईचा पाय नेमका त्यात पडला. बूट जागचा हलला नाही. मला तर रडूच आलं.

अकानीसी खराटा घेऊन आली. तोरिकाबाई तिच्याकडे बघत राहिली.

"काय गं," ती हळूच म्हणाली, "इतके दिवस चोरायला काय झालं होतं तुला?"