कोणी जाणारं आहे का?

“ही गाठ साधी नाही,” असं डॉक्टरबाई म्हणाल्या तेव्हा माझा नवरा मंदार सायकल लावायला जागा शोधत खाली फिरत होता. त्यामुळे लिम्फोमा हा शब्द मी एकटीनं ऐकला. तो धापा टाकत वर आला तोवर माझं रडून झालं होतं आणि त्याचं सुरू व्हायचं होतं.

लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. शरीरात पहारा देणाऱ्या पेशीच बिथरतात आणि वाढत सुटतात. माझी गाठ मानेवर होती, सुपारीएवढी, अजिबात न दुखणारी. आमच्या हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या, नेदरलँडमधल्या, घरच्या डॉक्टरनं, पॅरासिटामॉल घ्या आणि दोन आठवड्यांनी या असं सांगितलं होतं. इथं बहुतेक सगळ्या दुखण्यांवर हेच सांगतात. तुमची अशी गाठ उतरत नसेल, रात्री घामानं उशी भिजत असेल, तर दोन आठवडे थांबा, पण त्यापुढे नाही. मग भांडायचं. मी नायमेखनमध्ये कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत बारा वर्षं काढलीत, मला भांडता येतं.

बायोप्सी झाली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला. पेट स्कॅन झाला, त्यात साखरेसारखं किरणोत्सारी औषध टोचतात आणि आजार जिथं असेल तिथं चित्रात उजेड दिसतो. माझ्या मानेत आणि छातीत दिवाळी होती. मग केमोची सहा चक्रं ठरली, दर तीन आठवड्यांनी एक.

त्या औषधांत एक लाल असतं, डॉक्सोरुबिसिन. रूह अफ्जासारखं दिसतं. नर्स ते स्वतः शेजारी बसून शिरेत सोडते, कारण शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते. दुसऱ्या दिवशी लघवी लाल होते. घाबरू नका, रक्त नसतं ते. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी बाथरूममधूनच मंदारला हाक मारली होती आणि तो बिचारा हातातल्या कणकेसकट धावत आला होता.

पहिल्याच दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीत नबील होते. साठीला टेकलेले, शाळेत गणित शिकवणारे, याच आजाराच्या दुसऱ्या जातीचे रुग्ण. मूळचे गाझाचे, शिकायला आले आणि इथलेच झाले. शिक्षक म्हटल्यावर माझ्या तोंडून आपोआप ‘सर’ गेलं. इथं मुख्याध्यापकालाही नावानं हाक मारतात, त्यामुळे ते हसले, पण त्यांना आवडलं असावं. आमची चक्रं जुळायची, म्हणून खुर्च्याही शेजारी मिळायच्या.

माझं लाल औषध बघून ते म्हणाले, “माझ्या बहिणीलाही हेच चालू होतं.”

बहिणीचं नाव हनान. तिला स्तनाचा कॅन्सर होता, आणि त्यातही हेच लाल औषध देतात. दोनदा दिलं गेलं, मग तिथलं रुग्णालय बंद पडलं. घर गेलं, ती भावाच्या कुटुंबाबरोबर तंबूत राहत होती. आजार यकृतात उतरला होता. बाहेरच्या देशात उपचारांसाठी जायची परवानगी मिळावी म्हणून तिचं नाव दिलेलं होतं आणि सगळे वाट बघत होते. नेटवर्क आलं की तिचा निरोप यायचा. माझ्याबद्दल कळल्यावर तिनं मलाही निरोप धाडला: केस गळायला लागले की ओंजळीत घेऊन बसू नकोस, एकदम काढून टाक. नवे कुरळे येतात म्हणतात, माझे बघायला मिळाले नाहीत. तुझे आले की कळव.

मी दुसऱ्या चक्रानंतर सगळे केस काढून टाकले. हनाननं सांगितलं म्हणूनच काढले. नर्सनं तेच सांगितलं होतं तेव्हा मी ऐकलं नव्हतं.

आता शोशीबद्दल सांगायला हवं. शोशी माझी अलिबागची वर्गमैत्रीण, बेने इस्राएली, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. त्यांच्या घरी नवस फेडताना मलिदा करायचे, पोहे, गूळ, नारळ घालून, आणि माझी वाटी ठरलेली असायची. दहावीनंतर ते सगळे इस्राएलला गेले. ती अशदोदला असते. तिचं मराठी अजून दहावीतच आहे, “इश्श” म्हणणारी माझ्या ओळखीत आता ती एकटीच. इस्राएलवर हल्ला झाला त्या ऑक्टोबरमधल्या सकाळी तिच्या शेजारणीची भाची मारली गेली. मी फोन केला तेव्हा ती नुसती श्वास घेत होती, आणि मी इकडे अगं, अगं, करत होते.

आजारपणाआधी माझी या विषयावर मतं होती. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तर सगळ्यांचीच असतात. पुण्यात सोफ्यावर बसून काका अख्खी लढाई चालवतात. मीही त्यांना लांबलचक उत्तरं लिहायची. केमोनंतर तोंडाला धातूची चव असते, तसं काहीतरी त्या मतांचं झालं. तेराव्या वर्षात असलेली माझी लेक इरा शाळेतून येऊन विचारायची, “आई, विच साइड आर वी ऑन?” मी म्हणायची, आधी जेवून घे. हे काही उत्तर नाही, मला माहीत आहे.

तिसऱ्या चक्रात डॉक्टरबाईंनी माझं उलटीवरचं औषध बदलून दिलं, कारण त्यानं पोट कडक होत होतं. (तुमचंही होईल. अंजीर खा.) जुन्या गोळ्यांचा एक अख्खा डबा उरला. तिकडे हनानच्या पोटात काही राहत नव्हतं. तिला मिळालं तर मूठभर भात किंवा पाव मिळायचा आणि तोही उलटून पडायचा. आणि मी, आम्ही सगळेच इथं राहून जे करतो, ते करून बसले. आमच्या मराठी ग्रुपवर रोज कुणीतरी विचारतं, पुण्याला कोणी जाणारं आहे का? चीज जातं, व्हिटॅमिनच्या बाटल्या जातात, परत येताना भाजणी, मेतकूट आणि आईच्या हातचं लोणचं येतं. माझ्या सासऱ्यांचा रक्तदाब मोजायचा पट्टा तीन अनोळखी लोकांच्या हातून सांगलीला पोचला होता. जगात कुठंही वस्तू पोचवायची तर फक्त जाणारं माणूस शोधायचं, एवढंच मला माहीत.

मी नबीलसरांना विचारलं, “तिकडे कोणी जाणारं आहे का? माझ्याकडे गोळ्या आहेत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर्गात एखाद्या पोरानं चुकीचं पण मनापासून उत्तर दिलं की शिक्षक बघतात तसे. “तिकडे कोणी जात नाही,” ते म्हणाले.

मला ते पटेना. मी नकाशा उघडला. अशदोद तिथून केवढं जवळ! नायमेखनहून आयंडहोवेनला जावं त्याहूनही कमी अंतर. मी उत्साहानं म्हटलं, माझी मैत्रीण अगदी जवळ राहते, तिला विचारते. ते नको म्हणाले नाहीत. मला आता वाटतं, त्यांनी म्हणायला हवं होतं.

डॉक्टरबाईंनाही विचारलं, की असं काही पाठवता येतं का. त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, “गोळ्या पोचल्याच, तर तिला थोडा आराम पडेल. पण तुम्ही बऱ्या होताय त्या नुसत्या औषधानं नाही. रक्त तपासणारं कुणी लागतं, फ्रिज लागतो, ताप आला तर दार उघडणारं रुग्णालय लागतं. ते मी तुम्हाला डब्यात घालून देऊ शकत नाही.”

आठवड्याभरात मला ताप आलाच. केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली जातात, त्याला न्यूट्रोपेनिया म्हणतात. तेव्हा साधा ताप जिवावर बेतू शकतो. घरात थर्मामीटर ठेवा आणि रुग्णालयानं सांगितलेल्या आकड्यावर पारा गेला की लाजू नका, फोन करा. मी केला. तासाभरात हातात अँटिबायोटिकची सुई होती, अंगावर ऊन केलेलं पांघरूण होतं. मला त्या पांघरुणाचा राग आला. नर्सला वाटलं थंडी वाजतेय, तिनं आणखी एक आणलं.

शोशीचं उत्तर तिथंच आलं, आवाजी निरोप. “वेडी का गं तू? तिकडे जाणारा आमच्या घरात एकच आहे, माझा इलान. पुढल्या आठवड्यात त्याला परत बोलावलंय. त्याला काय सांगू, बंदुकीबरोबर एवढा डबा पण ने म्हणून?” मग नुसता पंख्याचा आवाज. मग, “तू त्या बाईचं विचारलंस. माझ्या पोराचं एकदा तरी विचारलंस का?”

नव्हतं विचारलं. इलान राखीव सैन्यात आहे हे मला ठाऊक होतं. तो लहान असताना मी त्याला नेदरलँडहून लाकडी बूट पाठवले होते, कुणाच्या तरी हातीच.

थोड्या वेळानं आणखी एक निरोप आला. “नाव काय तिचं?” मी लिहिलं, हनान. “बरी होऊ दे,” असं म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. रडणं तेवढं कुणाच्या हाती न देता पोचतं.

पुढच्या चक्राला नबीलसरांनी विचारलं, “काय म्हणाली तुमची मैत्रीण?”

“म्हणाली, कोणी जाणारं नाही.”

“मुलं आहेत तिला?”

“एक मुलगा.”

त्यांनी मान हलवली. गणिताचे शिक्षक, त्यांना पुढची पायरी लिहून दाखवावी लागली नाही. त्या दिवशी त्यांनी जेवणाच्या गाडीवरून नेहमीप्रमाणे माझ्यासाठीही सूप मागितलं. मी ते सगळं प्यायले.

सहावं चक्र झालं. शेवटचा स्कॅन स्वच्छ आला. कम्प्लीट रेमिशन, म्हणजे आजार आता कुठं दिसत नाही. बरा झाला असं म्हणायला अजून काही वर्षं थांबायचं. मंदारनं पेढे नाहीत म्हणून हेमातून, म्हणजे इथल्या दुकानातून, केक आणून वॉर्डभर वाटला. मी डॉक्टरबाईंच्या, नर्सच्या पाया पडायचीच बाकी होते. इथं तसं करत नाहीत, तरी मनातून पडलेच. हे लिहितेय ते अशाच वाटेवर असलेल्या कुणासाठी: हा आजार बरा होतो. बहुतेकदा होतो. पण तुम्ही कुठं बसलाय यावर ते आहे, हेही मला लिहायलाच हवं.

इलान घरी आला. धड आला, पण खोलीतून बाहेर येत नाही, शोशी दाराबाहेर ताट ठेवते. तो जिवंत आला याचा मला आनंद झाला, खरंच झाला, आणि तो आनंद नबीलसरांसमोर मी पदराआड झाकून ठेवला.

हनान गेली. नबीलसरांनी लिफ्टपाशी सांगितलं, इतक्या हळू, की मी आधी हो, हो म्हणत राहिले. परवानगी आली नव्हती. मी त्यांचा हात धरला. त्यांच्या हाताला सुईची तीच निळी खूण होती जी माझ्याही होती.

गोळ्यांचा डबा अजून स्वयंपाकघरातल्या खणात आहे. उरलेली औषधं आपोतेकमध्ये, औषधांच्या दुकानात, परत द्यायची असतात. मंदार दोनदा म्हणाला, देऊन येऊ का? मी नको म्हटलं. काल ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, रविवारी पुण्याला जातोय, दोन किलो जागा आहे, कोणाला काही पाठवायचंय?

मी आरशासमोर उभी होते. केस आलेत. हनान म्हणाली होती तसे, कुरळे.