आतली कडी

वसू गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवाल्याशी भांडत होते. “मावशी, आत्या सकाळी गेली,” तिची भाची म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघालं, “आज गुरुवार आहे ना!” म्हणजे बघा, बाई आयुष्यभर दर गुरुवारी दिंडोरीहून एसटीने माझ्याकडे आली आणि गेली तीही गुरुवारीच. मला हातातली कामं टाकायला लावून. महिना झाला, माझी चिडचिड काही कमी होत नाही.

आम्ही दोघी नाशकात मेनरोडजवळच्या एका पुस्तकांच्या दुकानात कामाला होतो. मी तेव्हा बावीस वर्षांची, दोन वेण्यांची, स्वतःला फार कुणीतरी समजणारी ठोंबी. वसूने माझ्यासारखं नेसायला सुरुवात केली, मग माझं अक्षर उचललं. राखीव पुस्तकांवरच्या चिठ्ठ्या कुणी लिहिल्या, ते मलासुद्धा ओळखता येईना. एखाद्या गिऱ्हाइकाशी मी हसून बोलले, की ती त्याचं पुस्तक मुद्दाम मागच्या रांगेत लपवायची. मी घरी सांगायचे, “ती माझ्या पाळतीवर असते, मला भीती वाटते.” आणि एके दिवशी ती अर्धी रजा घेऊन गेली, तर हीच घाबरलेली मुलगी, म्हणजे मी, द्वारका चौकात रसवंतीच्या आडोशाला तासभर उभी... ती कुणाला भेटते ते बघायला! भेटली कुणाला? दाताच्या डॉक्टरला.

मग नामपूरचं स्थळ आलं. कांद्याचे व्यापारी, चार वाजता बघायला येणार होते. तीन वाजता मी मागच्या गोदामात क्रमिक पुस्तकांचे संच लावत होते आणि बाहेरून कडी लागली. “नले, तू गेलीस तर मी काय करू?” एवढंच ती दाराला तोंड लावून म्हणाली. तो आवाज आठवला की आजही काटा येतो.

इथवरची गोष्ट सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. पुढची मी कुणालाच सांगितलेली नाही.

दहा मिनिटांत तिने कडी काढली. रडत म्हणाली, “चुकलं माझं. जा, रिक्षा कर.” आम्ही मुली डबा खायला तिथेच बसायचो, म्हणून त्या दाराला आतूनही कडी होती. ती मी घातली. मग काय विचारता... जिने कोंडलं तीच बाहेरून दार बडवतेय, “नले, उघड गं, ते लोक येऊन बसले असतील!” आणि कोंडलेली आत पुस्तकांच्या गठ्ठ्यावर पाय हलवत बसलेली. सहा वाजता दादा मला शोधत आला. मी दार उघडलं, त्याचा चेहरा बघितला आणि बोट दाखवून म्हटलं, “हिने कोंडलं मला.”

वसूने ते निमूट अंगावर घेतलं. मालकांनी तिला त्याच दिवशी काढलं. पुढे दिंडोरीच्या शाळेत ग्रंथालय सांभाळत तिने नोकरी काढली, लग्न केलं नाही. माझं वर्षभरात नाशकातच झालं. लग्नानंतरच्या पहिल्याच गुरुवारी ती आली, चपला काढल्या आणि बसायच्या आधी माझ्या दाराची आतली कडी एकदा खाली-वर केली. खट्, खट्. माझ्याकडे बघून हसली. त्यानंतर दर गुरुवारी तेच! मुलं म्हणायची, मावशीला सवयच आहे. मी मात्र चहाच्या निमित्ताने आत पळायचे.

शेवटच्या भेटीत मी धीर केला. “वसू, त्या दिवशी गोदामात...”

“गप्प बस,” ती म्हणाली. “माफी मागून मोकळी झालीस, तर पुढच्या गुरुवारी मी कशाला येऊ?”

वर चहात साखर कमी आहे म्हणाली.

आता सांगितलं. चारचौघांत, छापून. तिला कोंड्यासारखं दूर टाकलं ते मी, खोटं बोलून. आणि हे ऐकायला ती नाही, हा पुन्हा तिचाच आगाऊपणा.

परवा गुरुवारी, तिच्या यायच्या वेळेला, मी उठून ती कडी खाली-वर केली. आवाजच नाही. वसू गेली म्हणून मला भेटायला माणसं येतील, सारखी खटखट नको, म्हणून मुलाने कडीला तेल घातलं होतं.

त्याला असा झापला म्हणता!