रत्नाबाईंनी न पाहिलेली संध्याकाळ

कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या रत्नाबाई मगदुमांना दिवस कधी मावळतो ते विचारावं, मिनिटाचा फरक पडायचा नाही. त्यांना पंचांग लागायचं नाही की घड्याळ लागायचं नाही. पण मावळतीचा सूर्य त्यांनी बघितला होता का? छे! लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, एकदासुद्धा नाही. आता तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय सांगता, सूर्य काय कुणी तिजोरीत ठेवतं? पण खरंच नव्हता बघितला, त्याला कोण काय करणार!

त्याचं असं होतं. मगदुमांचं घर जैनांचं, आणि जैनांतही कडक. दिवस मावळला की तोंडात पाण्याचा थेंब नाही. त्यामुळं बाकीच्या जगात संध्याकाळी बायका दारात उभ्या राहून चार गोष्टी बोलत असतील, मगदुमांच्या स्वयंपाकघरात मात्र तेव्हा नुसती तारांबळ. रत्नाबाईंचे यजमान आप्पासो यांची शाहूपुरीत गुळाची अडत होती. ते साडेपाचला घरी यायचे, हातपाय धुऊन पाटावर बसायचे, आणि भाकरी तव्यावरनं थेट ताटात पडली पाहिजे. दुरडीत गेलेली भाकरी म्हणजे त्यांच्या लेखी शिळीच. म्हणायचे, "गार भाकरी खायला मी काय सासुरवाडीला आलोय?" आणि स्वतःच हसायचे. रत्नाबाई काही हसायच्या नाहीत, त्यांचे हात पिठात असायचे.

स्वयंपाकघराला खिडकी एकच, तीही पूर्वेकडं. समोर तेलाच्या घाण्याची उंच भिंत. दिवस कलला की मगदुमांच्या घराची सावली त्या भिंतीवर चढायला लागायची. सावली खालच्या कोनाड्याला टेकली की रत्नाबाई तवा ठेवायच्या. भिंतीतनं बाहेर आलेल्या वाशाला टेकली की पहिलं ताट. आणि कौलांवरचं शेवटचं ऊन गेलं की सगळ्यांच्या चुळा भरून झालेल्या. एवढं सूर्याचं शेपूट त्यांनी रोज बघितलं, पण तोंड कधी दिसलं नाही. लहानपणी माहेरी बघितलं असेल, पण लहानपणी मुद्दाम सूर्य कोण बघत बसतं? आणि लग्न तर चौदाव्या वर्षीच झालं.

याचं त्यांना काही वाटत होतं असंही नाही. वाटायला लावलं ते मदिनानं. मदिना म्हणजे मागच्या गल्लीतल्या कुतुबुद्दीन शिंप्याची बायको. माहेर रत्नागिरीचं, पण इथं येऊन वीस वर्षं झाली, बोली पक्की कोल्हापुरी. एकदा झंपर द्यायला आली आणि माहेराची आठवण काढत बसली. "काकू, आमच्याकडं लोकं वाळूत बसून सूर्य बुडताना बघत्यात. पाण्याला टेकला की असा वितळल्यागत होतोय बघा!"

"मुद्दाम बसून?" रत्नाबाई म्हणाल्या. "कामं न्हाईत व्हय लोकांस्नी?"

"त्येच की वो काम!" मदिना हसली आणि झंपराचे पैसे घेऊन गेली. रत्नाबाईही हसल्या. पण त्या दिवशी सावली वाशाला टेकली तेव्हा त्यांच्या मनात आलं, आत्ता तिकडं तो पाण्याला टेकत असेल. दुसऱ्या दिवशीही आलं, तिसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच झालं. भाकरी थापता थापता बाई कुठल्या कुठं जायच्या, आणि आप्पासो पाटावरनं ओरडायचे, "करपली गं!"

अशी तीन-चार वर्षं गेली. शहात्तर साली धाकट्या जिनपालला बँकेत लागून दोन वर्षं झाली होती. बँक म्हणे आईबापांना फिरवून आणायला प्रवासाचे पैसे देते. पोरगं गुणी. म्हणालं, "आई-आप्पांना समुद्र दाखवायचा. गुळाचा हंगाम सरला की चैत्रात जाऊया. बोला, गोवा का रत्नागिरी?"

झालं! आठ दिवस घरात दुसरा विषय नाही. जिनपालचं मत गोव्याचं. पणजीत त्याच्या साहेबाच्या ओळखीचं एक शाकाहारी हॉटेल होतं. "कांदा-लसूण न्हाई, बटाटा न्हाई, सांगितलं तर पाणी गाळून देत्यात. साडेपाचला ताट लावत्यात. चार दिवस आईच्या हाताला इसावा तरी मिळंल!"

भिंतीआड गहू निवडणाऱ्या रत्नाबाईंचा हात सुपातच थांबला. साडेपाचला दुसरं कुणीतरी ताट लावणार. म्हणजे साडेपाच ते पावणेसात त्या मोकळ्या! अडतीस वर्षांत असा सव्वा तास कुणी त्यांना दिला नव्हता.

आप्पासोंनी मात्र नाक मुरडलं. "हाटेल? त्यांचा तवा कशाचा आणि पळी कशात बुडालेली, तू बघायला गेलतास?" वर त्यांनी अडतीवरच्या गुंडू ट्रकड्रायव्हरला विचारलं. गुंडू गोव्याला गूळ घेऊन जायचा. तो म्हणाला, "मालक, तिथं सकाळी चूळ भरायला बी दारू मिळती बघा. आणि मासळीचा वास तर कपाटातल्या धोतराला येतोय." गुंडूला तिखटमीठ लावल्याशिवाय बोलता यायचं नाही हे सगळ्या शाहूपुरीला ठाऊक. पण आप्पासोंना हवं तेच तो बोलला होता.

"रत्नागिरीत आपलं गिऱ्हाईक हाय," आप्पासो म्हणाले, "शेट्ये. त्यांच्या वखारीमागं खोली रिकामी हाय, चूल हाय, आडाचं पाणी हाय. जिनपालची आई संगं असल्यावर काय अडतंय? घरच्यागत सगळं हुतंय!"

घरच्यासारखं सगळं होणार, हीच तर अडचण होती. रत्नाबाई सूप घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "गोव्याला जाऊया की."

बापलेक दोघंही त्यांच्याकडं बघतच राहिले. घरात पडदा कुठल्या रंगाचा आणायचा यावरही ज्या बाईनं कधी मत दिलं नाही, ती गोव्याला जाऊया म्हणते!

"तुला गं काय करायचंय गोव्यात?" आप्पासोंनी विचारलं.

आता काय सांगायचं? बावन्न वर्षांची बाई, दोन लेकी उजवलेली, चार नातवंडांची आजी. तिनं म्हणायचं, मला सूर्य बुडताना बघायचाय? जन्मभर हसले असते. त्यांच्या ओठापर्यंत आलं आणि तिथंच विरलं. "काय न्हाई," म्हणाल्या, "आपलं सहज." आणि रत्नागिरी ठरली. त्या रात्री त्यांना स्वतःचाच राग आला. तोंड असून मुकीच मी, असं त्या मनातल्या मनात दहादा म्हणाल्या.

एसटीनं मलकापूर गेलं, आंबा घाट गेला. ट्रंकेत तवा, परात, जोंधळ्याचं पीठ, तूप, पाणी गाळायचं फडकं. रत्नागिरीत भर दुपारी जिनपालनं त्यांना पहिल्यांदा समुद्रावर नेलं. रत्नाबाई डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई! एवढं पाणी! गाळायचं म्हटलं तर फडकं किती लागंल?" जिनपाल पोट धरधरून हसला. त्यांनाही हसू आलं, आणि अडचण विसरून त्या गुडघाभर पाण्यात जाऊन आल्या.

पण संध्याकाळ ती संध्याकाळच. शेट्यांच्या खोलीला खिडकी होती, तिच्यासमोर माडांची दाटी. भिंत नाही, कोनाडा नाही, वासा नाही. वेळ कळायची कशी? बाई पार गांगरल्या. पहिल्या दिवशी आप्पासोंनी नेमकी आणखी एक भाकरी मागितली. ताटं उचलून, हात पुसून त्या लगबगीनं वाळूपर्यंत गेल्या, तर माणसं परत फिरत होती आणि पाण्यावर नुसता लालसर धूर. दुसऱ्या दिवशी आप्पासो शेट्यांशी गुळाच्या भावावर बोलत बसले ते सव्वासहाला आले. घाईघाईनं जेवले, शेवटचा घास आणि शेवटचं ऊन एकदमच. त्या दिवशी रत्नाबाई बाहेर गेल्याच नाहीत. भांडी घासता घासता डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणाल्या चुलीचा धूर गेला. चूल तेव्हा विझलेली होती.

तिसरा दिवस शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी होती. जिनपाल दुपारीच बाहेर जेवून बाजारात गेला होता, तिकिटं काढून अंधार पडल्यावर येणार होता. आप्पासो सहाला आले, पाय धुतले, पाटावर बसले. समोर ताट वाढलेलं, वर झाकण. आणि रत्नाबाई नेसणं नीट करून, पदर खोचून दारात उभ्या.

"आज माझा उपास हाय," त्या म्हणाल्या. "भाकरी, आमटी, सगळं ताटात हाय. घ्या जेवून."

"आणि तू कुठं निघालीस?"

"समुद्रावर."

"अगं पण वाढायचं कुणी? भाकरी गार झाली की ही!"

"झाली," रत्नाबाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. घाईत चप्पल दोनदा निसटली. नवऱ्याला ताटावर एकटं टाकून जायची ही त्यांची पहिलीच वेळ. मागं वळून बघितलं असतं तर परत गेल्या असत्या, म्हणून त्यांनी बघितलंच नाही.

वाळूत त्या बसल्या तेव्हा सूर्य पाण्याच्या वर हातभर होता. डोळे दिपत नव्हते. मदिनानं सांगितलं होतं त्याहून मोठा, आणि एवढा जवळ की बाईंना उगीच लाजल्यासारखं झालं. आजूबाजूला कुणी शेंगा खात होतं, कुणी पोरांना हाका मारत होतं. याच वेळेला, घास गिळायचीसुद्धा घाई नसलेली एवढी माणसं असतात, हेच त्यांना नवल वाटलं.

"अगं ए!" मागून आवाज आला. आप्पासो. धोतराचा सोगा हातात, टोपी कपाळावर आलेली, दम लागलेला. "खूळ लागलं काय तुला? दिवस बुडायला आला, ताट तसंच हाय! मी काय..."

"गप बसा की वाईच!"

हे आपणच बोललो हे रत्नाबाईंना जरा उशिरानं कळलं. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं म्हणून त्यांनी नजर हलवली नाही. आप्पासो उभेच राहिले. शाहूपुरीच्या लिलावात ज्यांचा आवाज चार गाळे पलीकडं जायचा, त्यांनी नुसती टोपी सारखी केली. मग गुडघ्यावर हात टेकत तेही वाळूत बसले.

सूर्य पाण्याला टेकला, खालून चपटा झाला. अर्धा राहिला, मग नखाएवढा. सगळ्या पाण्यावरनं एक तांबूस रेघ दोघांच्या पायांपर्यंत आली. आणि गेला.

आजूबाजूची माणसं उठून निघाली. मग रत्नाबाई भानावर आल्या. दिवस मावळला होता. आता सकाळपर्यंत ह्या माणसाच्या तोंडात काही जायचं नाही, पाणीसुद्धा.

"जेवला न्हाई तुम्ही," त्या म्हणाल्या.

"न्हाई."

"माझ्यामुळं झालं."

उपासाचे दिवस सोडले तर अठ्ठावन्न वर्षांत आप्पासो कधी उपाशी झोपले नव्हते, आणि तरी त्यांना राग येत नव्हता. याच वेळेला त्यांची मान रोज ताटात असायची, हे त्यांच्या आत्ता कुठं ध्यानात येत होतं. ते अजून सूर्य गेला तिकडंच बघत होते.

"जिनपालची आई," जरा वेळानं ते म्हणाले, आणि आवाज कधी नव्हे तो बारीक होता, "हे असं रोज हुतंय व्हय गं?"

रत्नाबाईंना आता मात्र आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडल्या. आप्पासोंनी इकडंतिकडं बघितलं, आणि लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे म्हणून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"रोज हुतंय," डोळे पुसत रत्नाबाई म्हणाल्या. "रोजच हुतं. आपुन आत हुतो."