मुखड्यापुरते सेल

आमच्या वाडीतल्या जुन्या माणसांना ट्रान्झिस्टरच्या काळातली झाडून सगळी गाणी येतात, पण मुखड्यापर्यंतच. पुढचा अंतरा विचाराल तर अख्खी वाडी डोंगराकडे बघायला लागते. ह्याचं खापर एकाच माणसावर फोडायचं. बासआबांवर.

खरं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांची बायको काही ते घेणार नव्हती. मुंबईची गिरणी सोडून आबा पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेवरल्या आमच्या वाडीत परतले, ते खांद्याला ट्रान्झिस्टर लटकवूनच. तो बघायला उमरठहून माणसं आली. म्हशीसुद्धा आल्या होत्या, पण ते तुम्ही मानणार नाही. यंत्राला खोड एकच, सेल खायचं. खायचं म्हणजे अधाशी व्याह्यासारखं. नवे सेल घालावेत, चार संध्याकाळ गाणी वाजावीत, की गाणाऱ्या बाईचा घसा बसलाच. दुसऱ्या दिवशी ती विहिरीतून गायची आणि तिसऱ्या दिवशी विहिरीवर कोणीतरी फळी टाकायचं. नवे सेल मिळायचे महाडच्या बाजारात. म्हणजे डोंगर उतरा, एस.टी. पकडा आणि दुकानदाराच्या फळीवर निम्मे म्हातारे झालेले सेल घेऊन परत डोंगर चढा.

ह्यावर आबांनी तोड काढली. मुखडा संपला रे संपला की अंगठ्याने ट्रान्झिस्टरचा कान पिळायचे. खट्. "बास. फुडचं मी म्हनतो." आणि खरोखर म्हणायचे, स्वतः रचलेलं. चंद्राला हाक मारून सुरू झालेलं गाणं आबांच्या तोंडी आलं की त्यात आधी नाचणी यायची, मग म्हैस, आणि शेवटी गिरणीतला मुकादम. मुकादमाला शिव्या देऊन झाल्या की गाणं संपलं. आम्ही तरणी पोरं नुसती दात-ओठ खायचो. आमच्यातल्या एकाने बायकोला खूश करायला तिच्यापुढे असलं एक गाणं पुरं म्हटलं. मुकादम आला तशी ती माहेरी निघून गेली.

बातम्यांचंही तेच. एकदा ऐन भातकापणीत हवामान सांगत होते. "कोकणात येत्या चोवीस तासांत..." एवढ्यावर आबांनी खट् केलं. आता पाऊस येणार की जाणार? निम्म्या वाडीने कापलेलं भात धावत घरात नेलं, निम्मीने तसंच शेतात ठेवलं. पाऊस काही आला नाही, पण भांडण असं जुंपलं की खालच्या वाडीतली माणसं सोडवायला वर आली. आबा शांत. म्हणाले, "चोवीस तास हायेत ना? मग कळंलच की. त्यात सेल कशाला जाळायचा?"

पावसाळ्यात ते सेल चुलीवरच्या फळीवर ठेवत, सुक्या बोंबलांच्या शेजारी. उबेने म्हणे त्यांच्यात जीव येतो. जीव किती आला देव जाणे, वास मात्र आला. चार महिने आमच्याकडे भक्तिगीतांनासुद्धा बोंबलाचा वास यायचा. आबांचं मांजर मुखड्याला येऊन ट्रान्झिस्टर चाटायचं.

आबांचा मुलगा गणू माझ्याच वयाचा. गळा असा, की गुरं चरायची थांबायची. पण त्यानेही ओटीवर तान घेतली की आतून आवाज यायचा, "बास. गुरं सोड." त्याच्या गाण्याला तर सेलही लागत नव्हते, तरी. एका सकाळी त्याने गुरं सोडली आणि वाडीही सोडली. मुंबईत गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोलीत राहिला. दोन शिमगे आला नाही. आबा त्याचं नाव काढत नसत. फक्त मुंबईहून कोणी आलं की त्याच्याशी उगाच गिरणीच्या गप्पा मारत बसायचे, तो आपणहून काही सांगेल म्हणून.

माघात असाच एक पाहुणा आला आणि सांगून गेला, की येत्या पौर्णिमेला संध्याकाळच्या गावकऱ्यांच्या कार्यक्रमात गणू रेडिओवर गाणार आहे.

आबा दुसऱ्याच दिवशी महाडला जाऊन नवे सेल घेऊन आले. ते फडक्यात बांधून भाताच्या कणगीत पुरले आणि पौर्णिमेपर्यंत ट्रान्झिस्टरला हात लावायचा नाही म्हणाले. जगात काय चाललंय ते आम्हाला कळेना. त्या दिवसांत इंग्रज परत आले असते तरी आम्ही आपले सुखाने नांगरट करत राहिलो असतो.

पौर्णिमेला सगळी वाडी आबांच्या अंगणात. पोरांना दटावून, कुत्र्यांना हाकलून झालं. सेल घातले. आवाज असा स्वच्छ, की जणू निवेदक ओटीवर बसलाय. त्याने आमच्या वाडीचं नाव घेतलं, गणूचं घेतलं, आणि गणूने सुरू केलं,

"डोंगरामागं माझा गाव गो,
वाट इचारी माझं नाव गो..."

आबांचे डोळे मिटलेले, ट्रान्झिस्टर मांडीवर. गणूने दोन्ही ओळी घोळवून म्हटल्या, समेवर आला, आणि आबांचा अंगठा आपसूक फिरला. खट्.

"बास," आबांच्या तोंडून गेलं.

मग त्यांनी डोळे उघडले. घाईघाईने कान उलटा पिळला, तर तो नुसता गरगर फिरायला लागला. इतकी वर्षं सेल वाचवता वाचवता आतली दांडी झिजून गेली होती, ती नेमकी आज तुटली. आम्ही आदळलं, ठोकलं, चिमट्याने पिळलं. मी तर कोयता आणला होता. आत नवेकोरे सेल भरलेले आणि यंत्र मुकं. सगळी वाडी एकमेकांवर खेकसत होती. आबांची बायको, आमची काकी, तेवढी दारातून हळू आवाजात म्हणाली, "पोराला घरात असाच बंद केलात, आन् आता पेटीत पन."

एकाला राहवलं नाही, तो म्हणाला, "आबा, फुडचं तुमीच म्हना."

आबांनी ट्रान्झिस्टर उचलून ओटीवर ठेवला. म्हणाले, "मला नाय येत. ह्याच्या फुडचं मी कदी ऐकलंच नाय."

सकाळी आबा डोंगर उतरले. ट्रान्झिस्टर ओटीवरच होता, तेव्हा दुरुस्तीला गेले नव्हते एवढं कळलं.

आबा वारून आता बरीच वर्षं झाली. वाडीत वीज आली, सेलांची कटकट संपली. तो ट्रान्झिस्टर अजून गणूच्या घरी फळीवर आहे. एकेक सेल चुलीवर शेकणाऱ्या त्या माणसाने त्यातले नवे सेल काढून घेतलेच नाहीत. ते आतल्या आत पाझरून यंत्र खाऊन बसले.

त्या सकाळी आबा डोंगर उतरून कुठे गेले, ते त्याच वर्षीच्या शिमग्याला गणू आला तेव्हा त्याने मला सांगितलं. आबा मुंबईला गावकीच्या खोलीत शिरले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "म्हन." गणूने सुरू केलं. मुखडा झाला आणि तो सवयीने थांबला, बापाच्या तोंडाकडे बघत.

आबा म्हणाले, "थांबलास का रे? म्हन फुडं. सेल नाय जळत."