बाबांनी आवळलेला नळ

आधीच सांगतो, आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही. धम्म स्वीकारलेलं घर आमचं. बावीस प्रतिज्ञा बाबांना तोंडपाठ. गावात कुणाच्या अंगात आलं की म्हणायचे, "मेला त मेला. आत्मा-गित्मा काई नसते." मीही तसाच वाढलो, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. त्यामुळे हे लिहिताना दुसऱ्या कुणापेक्षा बाबांसमोरच ओशाळल्यासारखं होतंय...

आम्ही मूळचे आसेगावचे. दोन वर्षांपूर्वी मंगरूळपीरला घर बांधायला काढलं. मायची शुगर जुनी, तिच्या तळपायांना काही म्हणजे काही जाणवत नाही. गावाकडं एका हिवाळ्यात तिनं पायांवर कढत पाणी ओतून घेतलं आणि तिला कळलंसुद्धा नाही. जखम भरायला चार महिने लागले. पाय जायचाच बाकी होता. तेव्हापासून तिच्या आंघोळीचं पाणी बाबा काढायचे. बकेटीत विसण घालायचे, कोपर बुडवून बघायचे आणि मगच हाक मारायचे, "ये वं आता."

बाबांची दुसरी सवय नळ आवळायची. गावात नळाला आठ-आठ दिवस पाणी यायचं नाही, त्यामुळे थेंब गळला तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. असा आवळायचे की उघडायला मला फडकं गुंडाळून दोन्ही हात लावावे लागत. नळातलं रबरी वायसर तर महिनाभर टिकत नसे. घरात सगळे त्यांना यावरून चिडवायचे.

गिझर आणि नळ घ्यायला आम्ही दोघं वाशीमला गेलो. दुकानदारानं पंधरा लिटरचा गिझर दाखवला. पाणी तापलं की आपोआप बंद होणारा. बाबांनी विचारलं, "अन् बंद नाही झाला त?"

"होतेच काका. ऑटो कट आहे त्याले."

"पन नाही झाला त?"

दुकानातले दोघं-तिघं हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग नळ निघाले. बाबांचा हात साध्या पेचाच्या नळावर, मला मात्र क्वार्टर टर्नचे हवे होते. पाव वळसा दिला की उघडला, पाव वळसा दिला की बंद. त्यापुढे फिरायला जागाच नाही. बाबांनी एक हातात घेऊन फिरवून पाहिला.

"याले आवळाचं कसं?"

"आवळाचंच नाही, बाबा. तुमच्यापायीच त घेऊन राह्यलो हे!"

सगळ्यांसमोर बोललो मी. पुन्हा हसले लोक. बाबांनी नळ काउंटरवर ठेवला आणि दोन्ही हात खिशात घातले. घरी येईपर्यंत ते बसच्या खिडकीबाहेर बघत राहिले. मी 'चुकलं' म्हणायला हवं होतं... म्हटलं नाही. सव्वा महिन्यानं बाबा हार्ट अटॅकनं गेले. नव्या घरात राहायला आलेच नाहीत.

घरात आलो आणि मायच्या पाण्याचं काम माझ्याकडं आलं. रोज मीच विसण घालायचो, कोपर बुडवून बघायचो.

त्या दिवशी शाळेत तपासणी होती. गिझरचं बटण दाबलं, आणि फाइली शोधण्याच्या गडबडीत विसरलो. पाणी मी काढेपर्यंत थांब, हे मायला सांगायचं राहिलंच. थोड्या वेळानं न्हाणीतून तिचा आवाज आला.

"अरे, हा नळ कोनं आवळला? खुलून नाही राह्यला!"

जाऊन बघतो तर माय प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली, पाय बरोबर गरम पाण्याच्या नळाखाली. मी नळ फिरवला. हलेना. आदल्या दिवशी मीच तो नेहमीसारखा, दोन बोटांनी बंद केला होता. फडकं गुंडाळलं, दोन्ही हात लावले. तरी हलेना. आणि तसं ओढतानाच जाणवलं. ही पकड माझ्या हातांच्या ओळखीची होती. लहानपणापासून याच पकडीशी मी झटत आलो होतो.

वर गिझर गुरगुरत होता. दिवा अजून लालच. मी बटण बंद केलं, मायला धरून बाहेर आणलं आणि रफिकभाईंना फोन लावला. आमच्या घराची फिटिंग त्यांनीच केलेली. अर्ध्या तासात ते आले. नळाला दोन बोटं लावली...

फिरला.

उकळतं पाणी खाली आदळलं. न्हाणी वाफेनं भरली. ते पाणी नेमकं स्टुलापुढं पडत होतं, मायचे पाय होते तिथं.

गिझरचा थर्मोस्टॅट चिकटला होता. ऑटो कट झालाच नव्हता. रफिकभाईंनी नळ खोलून पाहिला. ना क्षार, ना कचरा.

"सर, हा नळ आवळल्याच जात नाही. पाव फेऱ्यावर अडते, बस. जाम व्हाले आतमंदी काईच नाही. मले त समजून नाही राह्यलं."

उष्णतेनं आतला भाग फुगला असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण रफिकभाईंनी उघडला तेव्हाही पाणी उकळतच होतं. बाकी सगळ्या शक्यता मांडून पाहिल्या, एकही टिकली नाही.

मायला मी फक्त एवढंच म्हणालो, "माय, बाबा..."

तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. "असं म्हनू नको. त्याईले नसतं आवडलं." मग बराच वेळ ती पदरानं पाय पुसत बसली. पाय कोरडेच होते.

थर्मोस्टॅट बदलला. रफिकभाई नळही बदलू म्हणाले, माय नको म्हणाली. तो पुन्हा कधीच अडकला नाही. तरी बाबांनी शिकवलेलं खोटं आहे असं मी म्हणणार नाही.

रोज सकाळी मी मायचं पाणी काढतो, कोपर बुडवून बघतो, नळ बंद करतो. पाव वळशात तो बंद झालेला असतो, पुढं फिरत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. तरी मी त्याला जोर लावून आणखी आवळतो. आणि त्या दिवशी दुकानात म्हणायचं राहिलं होतं, ते म्हणतो. चुकलं, बाबा.