विहीणबाईंना कशी हाक मारायची?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लेकीने ब्रिस्टलमध्ये एका नॉर्वेजियन इंजिनिअरशी लग्न केलं. आम्ही चिडलो, मग निवळलो. पुढच्या वर्षी तिच्या सासूबाई पहिल्यांदाच लंडनजवळ पिनरला आमच्याकडे जेवायला येणार होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि माझं प्रत्येक वाक्य लेकीच्या तोंडून त्यांच्याकडे जाणार हे मला काही पटेना. मी लायब्ररीतून नॉर्वेजियनच्या कॅसेट आणल्या.

ती भाषा मोठी गमतीची. दोन शब्द चिकटवले की तिसरा तयार. 'स्यूके' म्हणजे आजारी, 'हूस' म्हणजे घर. 'स्यूकेहूस' म्हणजे हॉस्पिटल. शब्द तोडायचा तो जोडावरच, आणि जोर पहिल्या तुकड्यावर, असं कॅसेटमधल्या बाई बजावत. माझ्या मराठी जिभेला मात्र सगळी अक्षरं सारखीच. शेवटी लहानपणचा गाण्याचा क्लास कामी आला: पहिल्या तुकड्यावर टाळी, पुढचं बोटांवर. पिनरहून ऑफिसला जाताना मी ट्रेनमध्ये वॉकमन लावून मांडीवर ताल धरायचे. समोरचे एक गृहस्थ एकदा उठून लांब जाऊन बसले.

अडलं ते हाक मारण्यापाशी. तिकडे सगळेच नावाने हाक मारतात म्हणे, पण विहिणीला नावाने? माझी जीभच रेटेना. नात्यांच्या धड्यात 'फारमोर' सापडला. फार म्हणजे वडील, मोर म्हणजे आई; दोन्ही मिळून वडिलांची आई, आजी. मुलांच्या नात्याने मोठ्यांना हाक मारायची आपली रीतच आहे. त्याच्याखाली 'मोरमोर' होता, आईची आई. तो मी मनातच ठेवला. कारण लेकीला दिवस गेले होते, आणि तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं तिने मला बजावलं होतं.

लेक-जावई त्यांना घेऊन आले. मी दारात हात जोडले आणि जोर अगदी जागेवर देऊन म्हणाले, "वेलकोमेन, फारमोर."

जावई बघतच राहिला. लेक हळूच म्हणाली, "आई, आम्ही त्यांना अजून टेल केलं नव्हतं."

शंभर वेळा घोकताना मी फक्त जोराचाच विचार केला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विहीणबाईंनी एकदा लेकीच्या पोटाकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. माझे जोडलेले हात आपल्या हातात घेऊन त्या सावकाश म्हणाल्या, "मोरमोर."

लेक सवयीने अर्थ सांगायला पुढे झाली. मी तिला थांबवलं.