एका वाकळीतल्या मुली

"एका अंथरुणात दोघी का झोपता?" नागपूरहून आलेल्या बाईंनी विचारलं. व्हरांड्यात खुर्चीवर त्या, शेजारी वसतिगृहाच्या मॅडम. खाली फरशीवर मी आणि सुमन, दोघीही बौद्ध मोहल्ल्यातल्या. बाकीच्या मुली खिडकीला चिकटून खिदळत होत्या.

सावली गावातलं ते वसतिगृह. कुणी मोठी मुलगी लहान मुलीशी नको तसं वागली, अशी कुजबुज उठली होती. बाई 'बिघडलेल्या मुलींचा अभ्यास' करायला आल्या होत्या. मॅडमनी आम्हाला आणून बसवलं.

"ह्या लोकायचं असंच असते," मॅडम म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमच्यात दोघींत एक वाकळ, जुन्या लुगड्यांची गोधडी. घरीही बहिणी तशाच झोपायच्या. गादी-रजई घेऊन येणाऱ्यांना त्यात पाप दिसलं. सुमन पाचवीतली, माझ्या वाकळीत झोपायची. मॅडमच्या दहावीतल्या भाचीला भिऊन ती माझ्याकडे आली होती. सुमनला त्रास देणारी ती भाचीच. सुमननं मॅडमला सांगितलंही होतं. मॅडमनी तिच्याच थोबाडीत मारली. चोर सोडून संन्याशाला फाशी.

बाईंनी सुमनकडे बोट केलं. "हिला तू जवळ का घेतेस?"

सुमन माझ्या आड सरकली. मी उठून उभी राहिले.

"भेते म्हणून. ह्या मॅडमच्या भाचीले भेते. तिले काऊन नाई बसवलं इथी?"

खिडकीतलं हसणं थांबलं. बाईंनी मॅडमकडे पाहिलं.

"तुयं नाव काढतो वसतिगृहातून," मॅडम म्हणाल्या.

"काढा. पन सुमन इथी झोपनार नाई."

निरोप मिळाला तसा संध्याकाळी बाप आला. रागावला नाही. एका हातात माझी पेटी, दुसऱ्या हातात सुमनचा हात. तिला तिच्या आईपर्यंत पोचवूनच आम्ही घरी गेलो. निघताना भाची खांबाआड रडताना दिसली. मला तिची दया आली नाही. पण ती हे कुठून शिकली, हे तिलाही कुणी विचारलं नव्हतं. त्याचा राग अजून जात नाही.

आज मी अशाच मुलींशी बोलायचं काम करते. अजूनही लोक आधी आडनाव बघतात आणि मग मुलगी बिघडलेली ठरवतात. माझ्यासमोर ते चालत नाही. आधी लहानीला सुरक्षित जागा. मग मोठीला विचारायचं, तुझ्याशी कोण असं वागलं? उत्तरात निघालेला माणूस कितीही मोठ्या घरचा असो, त्याचं नाव मी पोलीस ठाण्यात जाऊन घेणार. उभी राहूनच घेणार.